औषधाची किंमत कोण ठरवतो?

(कामगार कार्यकर्त्यांपुढील भाषणाचा सारांश)



पिंपरीत औषधांच्या महागाईविषयी बोलायचे तर आरंभ हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली स्थापन झालेल्या या सार्वजनिक कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. जीवरक्षक औषध ही नफ्याची नव्हे, समाजाच्या गरजेची वस्तू आहे, हा विचार येथे यंत्ररूपाने उभा राहिला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच कारखान्याची जादा जमीन विकून देणी फेडण्याचा व पुढे कारखानाही विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला.

औषधाची किंमत निसर्गनियमाने ठरत नाही. ती धोरणाने ठरते. हाथी समितीने १९७५ साली परदेशी औषध कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाची आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली. १९७९ च्या आदेशाने ३४७ औषधांवर किंमत-नियंत्रण होते. १९८७ साली ती संख्या १४२ वर आणि १९९५ साली ७४ वर आली. २०१३ च्या आदेशाने यादी पुन्हा वाढली, पण उत्पादनखर्चाचा निकष गेला. बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या उत्पादनांच्या किमतींची सरासरी हाच कमाल किमतीचा पाया ठरला. ज्या बाजाराला लगाम घालायचा, त्याच्याच हाती लगाम देण्यात आला!

अशा स्थितीत रोग्याला उपदेश केला जातो की, त्याने स्वस्त औषध मागावे. परंतु चिठ्ठीवर व्यापारी नाव असेल तर त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचे औषध देण्यास दुकानदाराला नियमाने मनाई आहे. खरेदी रोग्याची, निवड मात्र डॉक्टरच्या लेखणीची. मूळ नावानेच औषध लिहावे, असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये केला आणि त्याच महिन्यात तो स्थगित ठेवला.

चाकणच्या कामगारापुढे आणखी एक पेच आहे. कामगार राज्य विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. थोड्याशा पगारवाढीने ती ओलांडणाऱ्याचे विमासंरक्षण काही काळाने सुटते, आणि घरातील मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचा भार त्याच्या खिशावर पडतो. वाढलेला पगार औषधाच्या दुकानात जमा होतो! मर्यादा मोजताना जादा कामाचा मोबदला धरला जात नाही, हे कामगाराला कोणी सांगत नाही. ते सांगणे हे संघटनेचे काम आहे.

कार्यकर्त्यांनी दोन पातळ्यांवर झटले पाहिजे. आज प्रत्येक वस्तीत मूळ नावाची चिठ्ठी मागण्याची, जनऔषधी केंद्रातील दराशी तुलना करण्याची आणि पक्के बिल घेण्याची सवय रुजवावी. मात्र दक्ष ग्राहक हा न्याय्य व्यवस्थेला पर्याय नव्हे. तामिळनाडूने १९९४ साली स्वतंत्र महामंडळ स्थापून सरकारी रुग्णालयांसाठी औषधांची एकत्रित खरेदी सुरू केली. महाराष्ट्राने तशा प्राधिकरणाचा कायदा २०२३ मध्ये केला. तो कायदा सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून रोग्याच्या हाती औषध देतो की नाही, याचा जाब सतत विचारला पाहिजे. उत्पादनखर्चावर आधारित किंमत, विम्याची वाढीव वेतनमर्यादा आणि सार्वजनिक औषधनिर्मितीचे रक्षण, या तीन मागण्या वेतनकराराच्या मागण्यांइतक्याच कामगारांच्या आहेत.