न दिसणारं पाहण्याची युक्ती



माझं रोजचं काम सॉफ्टवेअर लिहिण्याचं. पण आज बोलणार आहे ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीबद्दल. अणुभट्टी म्हटलं की आपल्याला बॉम्ब आठवतो, नाहीतर वीज. ८ ऑगस्ट १९८५ रोजी सुरू झालेली ही १०० मेगावॅटची भट्टी वीज तयार करत नाही. तिच्यातून निघणाऱ्या न्यूट्रॉनच्या झोतात शास्त्रज्ञ एखादा पदार्थ ठेवतात आणि न्यूट्रॉन कोणत्या कोनात किती विखुरले ते मोजतात. त्यावरून आत अणू कसे मांडलेत, कसे हलतात, हे कळतं. ट्रॉम्बेत हे काम उभं करणारे पी. के. अय्यंगार कॅनडात ब्रॉकहाउस यांच्यासोबत काम करून आले होते. त्याच ब्रॉकहाउस यांना या तंत्रासाठी १९९४ साली शल यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

आपल्या शरीराशी याचा काय संबंध? प्रत्येक पेशीभोवती मेदाचं दुपदरी पटल असतं, जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाडीचं. केसाच्या जाडीत अशी हजारो पटलं मावतील. पेशीत शिरणाऱ्या औषधाची पहिली गाठ याच पटलाशी पडते. पटलात हायड्रोजन भरपूर. क्ष-किरणांना तो फारसा दिसत नाही, न्यूट्रॉनला दिसतो. शिवाय साध्या पाण्यातला हायड्रोजन आणि जड पाण्यातला ड्युटेरियम न्यूट्रॉनला अगदी वेगवेगळे दिसतात.

काचेची दांडी ग्लिसरीनमध्ये बुडवली की जवळजवळ दिसेनाशी होते. इथेही तीच युक्ती. पाण्यात सुमारे ४० टक्के जड पाणी ठेवलं की प्रथिनं लपतात आणि मेदाचं पटल तेवढं उरतं. प्रमाण कमी केलं की पटल लपतं, प्रथिनं दिसू लागतात. हाती येते ती मात्र नुसती एक वक्ररेषा. तिच्यातून पटलाची जाडी काढायला संगणकाचं गणित लागतं, म्हणून मला या विषयाची गोडी.

‘ध्रुव’वरच्या या यंत्रांवर विद्यापीठांतले संशोधकही प्रस्ताव पाठवून प्रयोग करतात. आपल्या बाळापुरातली पोरगी ‘मले फिजिक्समध्ये एमएस्सी कराचं हाय’ म्हणाली, की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘मंग पुढं काय करशीन?’ बारावीनंतर मलाही तो विचारला होता, आणि तेव्हा उत्तर ना माझ्याकडे होतं ना घरच्यांकडे. मी इंजिनिअरिंगला गेले, छान झालं. पण आज आपण स्वतःच आईबाप आहोत, काही जण शिक्षक आहेत. पुढच्या पोरीला हे एक उत्तर तरी आपल्याकडून मिळावं. अकोल्याहून रात्री गाडीत बसलं, की सकाळी मुंबई येते.