गाडीचं स्टेअरिंग वाजू लागलं तर

(सोलापूर जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव आणि ज्वारीचा भाव यावर आपण नेहमीच बोलतो. आज तो माल बाजाराला नेणाऱ्या गाडीबद्दल बोलायचं आहे. पिकाचा खर्च मांडताना आपण बियाणं धरतो, खत धरतो, मजुरी धरतो. गाडीची दुरुस्ती किरकोळ खर्चात ढकलतो, आणि वर्षअखेर हिशेब केला तर ती किरकोळ राहिलेली नसते.

मंगळवेढ्याची ज्वारी सोलापूरच्या यार्डात न्यायची तर पिकअप लागते. तालुक्याला जायचं तर वडापची जीप. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, बारा महिने खड्डे आणि वर पोत्यांचा भार. हा सगळा मार पुढच्या चाकांवर आणि स्टेअरिंगवर बसतो. मग वळताना आवाज येऊ लागतो. आपण काय करतो? टेपचा आवाज वाढवतो! पुढं गॅरेजवाला म्हणाला, ‘सगळंच बदलावं लागेल’, की मुकाट पैसे मोजतो. दोन्हीकडून नुकसान आपलंच.

बैलगाडीचा आस करकरला म्हणून आपल्या वाडवडिलांनी कधी गाडी मोडीत काढली नाही. आवाज कुठून येतो ते पाहिलं, वंगण घातलं, झिजलं होतं तेवढंच बदललं. मोटारगाडीचा हिशेबही तोच आहे.

आपल्या गाडीला कोणतं स्टेअरिंग आहे, हे आधी माहीत हवं. जुन्या जीपला स्टेअरिंग बॉक्स आणि दांडे असतात, सांध्यांना ग्रीसची निपल असतात. 1983 साली आलेल्या मारुती 800 ला रॅक होता. बहुतेक छोट्या गाड्यांना रॅकच असतो. पॉवर स्टेअरिंगच्या बऱ्याच पिकअपना इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप आणि तेलाची टाकी असते. नव्या छोट्या गाड्यांत हे काम विजेची मोटर करते, तिथं तेल नसतंच.

आता आवाज ओळखायचा. आवाजाचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला, गाडी उभी, इंजिन चालू, आणि स्टेअरिंग फिरवताच घूंऽऽ असा आवाज. हा बहुधा पंपाचा. टाकीतलं तेल पाहा. कमी असेल तर ते गेलं कुठं, हे आधी शोधा. पाइप, पंप आणि रॅकची टोकं ओली आहेत का बघा. तेलाला फेस असेल तर आत हवा शिरली आहे. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल घाला. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, त्यानं पंपाचे रबर सील खराब होतात. किंचाळल्यासारखा कुईं आवाज आला तर तो सैल किंवा झिजलेल्या बेल्टचा असू शकतो. बेल्टला हात लावताना इंजिन बंदच हवं. धोतराचा सोगा, पदर, उपरणं सांभाळा. आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून तसंच दाबून धरू नका, त्यानं पंप तापतो.

दुसरा, खड्ड्यातून जाताना किंवा वळताना खट्‌खट्. हा आवाज सर्वांत महत्त्वाचा. तो झिजलेल्या टाय रॉड एंडचा, बॉल जॉइंटचा, बुशचा किंवा रॅकच्या ढिल्या बोल्टचा असतो. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकनं उचला, आणि खाली भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा. ढिलेपणा लागला तर बहुधा टाय रॉड एंड किंवा रॅक. मग वर-खाली धरून हलवा. ढिलेपणा लागला तर बॉल जॉइंट किंवा चाकाची बेअरिंग. आता दुसऱ्यानं ब्रेक दाबावा. ढिलेपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

तिसरा, सावकाश वळताना कर्रकर्र. सांध्यातलं ग्रीस आटलेलं असतं, किंवा रबरी बूट फाटून चिखल आत गेलेला असतो. जुन्या जीपच्या निपलला जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं ग्रीस मारा. नव्या गाड्यांचे सांधे बहुधा बंद असतात. ते बदलावेच लागतात, पण एक सांधा म्हणजे अख्खा रॅक नव्हे. बूट वेळेवर बदलला तर सांधा वाचतो.

एक खूणगाठ बांधा. टाय रॉड एंड वेल्डिंग करून चालवायचा नाही. स्प्लिट पिनच्या जागी तार पिळायची नाही. तो सांधा निसटला की चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही, आणि गाडीत पोतीच नसतात, आपली माणसं असतात. स्टेअरिंग ढिलं लागलं, अडकू लागलं किंवा एकाएकी जड झालं, तर गाडी तिथंच उभी करा. बाजार उद्याही भरेल.

गॅरेजमध्ये तीन गोष्टी मागायला लाजू नका. काय झिजलं ते हलवून दाखवा म्हणा. काढलेला जुना पार्ट परत मागा. कोणता पार्ट, किती रुपये, मजुरी किती, हे बिलावर लिहून घ्या. टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंट करूनच गाडी बाहेर काढा, नाहीतर नवे टायर एका बाजूनं खाऊन जातील. चांगला मिस्त्री या मागण्यांवर रागावत नाही.

तेव्हा इथून गेल्यावर गावोगाव एवढं करू. मृगाच्या आधी एकदा आणि ज्वारीच्या काढणीआधी एकदा, गावातल्या सगळ्या गाड्या एका जागी उभ्या करू. एक ग्रीस गन, एक जॅक, दोन ठोकळे सगळ्यांत मिळून घेऊ. ज्याला समजतं त्यानं दुसऱ्याला दाखवावं. आपल्या मालाचा भाव दुसरे ठरवतात, पण आपल्या गाडीत काय बिघडलं आहे, हे तरी आपण स्वतः पाहून ठरवू.