रंगाचा हात
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



मराठीत रंगाच्या थराला 'हात' म्हणतात. दाराला दोन हात झाले, तिसरा राहिला, असे घरोघरी बोलले जाते. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला अनेकांनी हा शब्द प्रथम ऐकला असेल. त्याचा पुरता अर्थ उलगडून दाखवणारे एक काम म्हणजे इलेक्ट्रिक गिटारची बॉडी घरी रंगवणे. आणि त्या कामाची कसोटी पाहणारे गाव म्हणजे चेन्नई.

हे वाद्य आणि हे शहर यांची जोडी वाटते तितकी विजोड नाही. यू. श्रीनिवास (1969–2014) यांनी चेन्नईच्या सभागृहांत इलेक्ट्रिक मेंडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवले. गिटारच्याच कुळातले ते परदेशी वाद्य कानाला परके उरले नाही. रंगाची बाजू तर याहून जवळची आहे. अमेरिकेतील फेंडर कंपनीने गिटारसाठी मोटारींचेच रंग वापरले. 'फिएस्टा रेड' हा फोर्डच्या गाडीचा, 'लेक प्लॅसिड ब्लू' कॅडिलॅकचा. सुतार आणि रंगारी आजही ज्याला ड्युको म्हणतात, ते नाव ड्यूपाँट कंपनीच्या मोटाररंगाचे. चेन्नई हे मोटारींचे शहर. रॉयल एनफिल्डच्या टाकीवरची सोनेरी रेघ तेथे वर्षानुवर्षे हाती ब्रश धरून ओढली गेली. गाडीचा रंग जुळवून देणारा दुकानदार गिटारसाठीही रंग जुळवून देऊ शकतो.

मिरजेच्या तंबोऱ्याशी तुलना केली, तर फरक ध्यानी येतो. तंबोऱ्याचा भोपळा आणि तबली स्वतः कंप पावतात. तेथे रंगाचा जाड थर नादाला दाबतो. म्हणून चपड्याचे पातळ पॉलिश लाकडात जिरवले जाते. इलेक्ट्रिक गिटारच्या भरीव बॉडीवरचा पिकअप मात्र पोलादी तारेची हालचाल चुंबकाच्या साह्याने टिपतो. तेथे रंगाचे मुख्य काम लाकडाला घामापासून, ओलीपासून आणि ओरखड्यांपासून जपण्याचे.

कामाचा क्रम साधा आहे. आधी सर्व धातूचे भाग, तारा आणि मान उतरवावी. मान जेथे बसते ती खोबण चिकटपट्टीने झाकावी. तेथे रंग साचला, तर मान पुन्हा नीट बसत नाही. मग 120, 220 आणि 320 क्रमांकाचा पॉलिश पेपर, तोही रेषांच्या दिशेने. सागासारख्या उघड्या छिद्रांच्या लाकडात लांबी भरावी, नाहीतर प्रत्येक छिद्र महिन्याभराने रंगावर खड्डा होऊन उमटते. त्यावर अस्तर, ते वाळले की पुन्हा घासणे. त्यानंतर रंगाचे तीन-चार पातळ हात आणि वर पारदर्शक लॅकरचे सहा-आठ. नवशिका चुकतो तो येथेच. एकाच जाड हातात काम उरकू पाहतो, आणि कडेला रंग ओघळतो.

चेन्नईची खरी परीक्षा हवेत आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकरमधला थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असेल, तर तिच्यातले बाष्प त्या ओल्या थरावर बसते आणि पारदर्शक लॅकर दुधासारखे पांढरे होते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील ईशान्य मोसमी पावसाचा काळ. त्या दिवसांत घाई केलेला हात हमखास बिघडतो. ज्याने हवा ओळखली, तो कोरडा दिवस निवडतो आणि समुद्रावरचे वारे आत येण्यापूर्वी, सकाळ सरताना फवारा मारतो. पांढरी झाक आलीच, तर सावकाश वाळणाऱ्या थिनरचा हलका फवारा पुष्कळदा ती घालवतो. रंगाऱ्याला आधी पंचांगाहून हवा वाचता आली पाहिजे.

पालकांसाठी एक इशारा याहून महत्त्वाचा. थिनरची वाफ पेट घेते. शेजारच्या खोलीतले निरांजन, स्वयंपाकाची शेगडी, साधी ठिणगी, काहीही पुरेसे असते. तेल पुसलेले बोळे गोळा करून ठेवले, तर ते आपोआप पेटू शकतात. ते पसरून वाळवावेत. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासावाटे गेले, तर कायमचा दमा जडू शकतो आणि साधा धुळीचा रुमाल त्याला अडवत नाही. असे रंग घरी मुलांच्या हाती देऊ नयेत. ते काम योग्य साधने असलेल्या रंगशाळेतच व्हावे. घरच्या गच्चीवरही योग्य मास्क आणि मोकळी हवा यांना पर्याय नाही.

शेवटी येते ते सर्वांत अवघड काम, म्हणजे काही न करणे. लॅकर हाताला कोरडे वाटले, तरी आतून पक्के व्हायला तीन-चार आठवडे घेते. त्याआधी घासले, तर थर दबतो, नखाचा ठसा उमटतो. त्या काळात गिटार भिंतीला टांगलेली असते आणि मुलगा रोज तिच्याभोवती फिरतो. पुढे 800 ते 2000 क्रमांकाचा पाण्याचा पॉलिश पेपर आणि पॉलिशिंग कंपाउंड. कडांवर मात्र दाब देऊ नये. तेथे थर सर्वांत पातळ असतो, आणि एका घाईच्या फेऱ्यात लाकूड उघडे पडते.

ज्या पालकांना हा वेळ अभ्यासातून वाया गेल्यासारखा वाटतो, त्यांनी एवढेच पाहावे: रंग बिघडला तेव्हा मुलाने तो झाकला, की घासून काढून पुन्हा हात दिला? पूर्ण झालेल्या गिटारवर अस्तर, लांबी आणि घासणी यांतले काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त वरचा झगमगाट. साठ वर्षांत या शाळेने दिलेले पुष्कळसे असेच न दिसणारे आहे. वरचा रंग चेन्नईत, मुंबईत वा परदेशात कोठेही चढो, तो टिकतो तो खालच्या हातांवर.