चेन घरी, स्कॅनर गॅरेजात

मोटरसायकलचं कुठलं काम घरी करावं आणि कुठलं सर्व्हिस सेंटरवर सोपवावं?

चेनपासून सुरुवात करू. पावसाळ्यात चिखल बसला की ती कुरकुरू लागते. गाडी डबल स्टँडवर घ्या आणि इंजिन बंदच ठेवा. चालत्या चाकाला फडकं लावायच्या नादात बोटं गमावलेली माणसं आहेत. केरोसीनने मळ काढा, कोरडं पुसा. मग चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल सोडा. ताण बघताना खालची चेन मधोमध वरखाली करा. बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. फार ताणलेली चेन बेअरिंग खाते, हे पुष्कळांना पटतच नाही.

एअर फिल्टर, प्लग, ऑइलची पातळी हेही घरचंच काम. मात्र १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांतला कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन बसलं. तिथे स्क्रू पिळून काही साधत नाही. इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिला, तर स्कॅनरच लावावा लागतो. वॉरंटी असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस चुकवू नका, नाहीतर दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. एबीएसच्या ब्रेकला तर हातच लावू नका.

बदललेले जुने पार्ट मेकॅनिककडून मागून घ्यायला लाजू नका; बिल त्यांच्याशी ताडून बघा. आणि घरी काढलेलं जळकं ऑइल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.