साम्राज्याचे ओझे कोणी वाहिले?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



युरोपातील वसाहतवादी साम्राज्यांत पोर्तुगालचे साम्राज्य सर्वांच्या आधी उभे राहिले आणि सर्वांच्या मागून कोसळले. १४१५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील स्यूटा जिंकून सुरू झालेला हा इतिहास १९९९ मध्ये मकाव चीनच्या स्वाधीन झाल्यावर संपला. एवढ्या दीर्घ काळात या साम्राज्याचा लाभ कोणाला झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने स्वतःला विचारलाच पाहिजे.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, तेव्हा हिंदी महासागरात अरब, गुजराती व मलबारी व्यापाऱ्यांची ये-जा शतकानुशतके चालू होती. चालत्या व्यापारावर पोर्तुगीजांनी तोफांच्या बळावर खंडणी बसविली. आल्बुकर्कने गोवा (१५१०), मलाक्का (१५११) आणि होर्मुझ (१५१५) ही मोक्याची ठाणी घेतली. ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्यावाचून निघालेले जहाज लुटले जाऊ लागले. परंतु आरमाराच्या जोरावर मिळविलेली सत्ता अधिक बलाढ्य आरमारापुढे टिकत नाही. डचांनी १६४१ मध्ये मलाक्का व १६६३ मध्ये कोचीन घेतले. इकडे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली.

पुढे ब्राझीलने हे साम्राज्य तारले. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या श्रमावर तेथे साखर पिकली, सोने निघाले. त्या सोन्याने लिस्बनमध्ये राजवाडे व चर्चे उभी राहिली आणि फार मोठा वाटा इंग्लंडच्या मालापोटी लंडनला गेला. पोर्तुगालमध्ये ना उद्योग उभे राहिले, ना शेतकऱ्याचे दैन्य हटले. १८२२ मध्ये ब्राझीलही स्वतंत्र झाला.

आता खरा धडा पाहा. १९१० मध्ये पोर्तुगालने राजेशाही उलथून प्रजासत्ताक स्थापिले. पण त्या प्रजासत्ताकाने वसाहती सोडल्या नाहीत. घरात स्वातंत्र्य आणि आफ्रिकेत वेठबिगार, असा हा संसार होता. सोळा वर्षांत, १९२६ साली, लष्कराने ते प्रजासत्ताक मोडले आणि त्यातून सालाझारची हुकूमशाही आली. अंगोला व मोझांबिकमधील शेतकऱ्याला सक्तीने कापूस लावावा लागे आणि तो ठरलेल्या भावाने कंपन्यांना द्यावा लागे. १९५१ मध्ये सालाझारने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नवे नाव दिले. नाव बदलले, चाबूक तोच राहिला.

या सत्तेला डॉ. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात आव्हान दिले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याच वर्षाच्या आरंभी अंगोलातील कसांजे भागात कापूस पिकविणाऱ्यांनी बंड पुकारले होते. पाठोपाठ गिनी-बिसाव (१९६३) व मोझांबिक (१९६४) येथे सशस्त्र लढे सुरू झाले. गिनीचे नेते अमिल्कार काब्राल आपल्या सैनिकांना सतत बजावीत, की लढा वसाहतवादाशी आहे, पोर्तुगीज जनतेशी नाही. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचा खून झाला. पण त्याच सप्टेंबरात गिनीने स्वातंत्र्य घोषित केले.

काब्राल यांचे म्हणणे किती यथार्थ होते! या युद्धांत मरायला पाठविली जात होती ती पोर्तुगालच्या गरीब शेतकऱ्यांची मुले. लक्षावधी तरुण मजुरीसाठी व सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी फ्रान्सकडे निघून गेले. १९७० मध्ये या ‘साम्राज्यस्वामी’ राष्ट्रातील सुमारे पाव प्रौढ जनता निरक्षर होती. अखेर आफ्रिकेत लढून विटलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही उलथली आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत फुले खोवली. जून १९७५ मध्ये मोझांबिक आणि नोव्हेंबरात अंगोला स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्याने सारे प्रश्न सुटले असे नाही. अंगोला २००२ पर्यंत यादवीत होरपळत राहिला. पूर्व तिमोरवर डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने आक्रमण केले. त्याला २००२ पर्यंत वाट पाहावी लागली. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. पोर्तुगीज जनतेला लोकशाही मिळाली, तिचा मार्ग आफ्रिकेतील शेतकऱ्यांच्या लढ्याने मोकळा केला. दुसऱ्याला दास ठेवून आपले स्वातंत्र्य राखण्याचा प्रयोग १९१० मध्ये झाला आणि फसला. कोणत्याही देशातील, आपल्याही देशातील, लोकशाहीवाद्यांनी तो विसरू नये.