कलामहाविद्यालयाचा प्रवेश आणि जातीचा रकाना

(बुद्धविहारात भरलेल्या पालक व विद्यार्थी यांच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण)



आपल्या समाजातील मुलगा बारावी झाला की घरात तीनच प्रश्न विचारले जातात : डॉक्टर होणार, इंजिनिअर होणार की सरकारी नोकरीत जाणार? या तीनही वाटा चांगल्याच आहेत. परंतु ज्या मुलाचा हात उपजत चित्राकडे वळतो, जो जयंतीच्या मिरवणुकीचा फलक स्वतः रंगवितो, विहाराच्या भिंतीवर बोधिवृक्ष काढतो, त्याला आपण कौतुकाने शाबासकी देतो आणि दुसऱ्या दिवशी सांगतो, “हे पोटापाण्याचे काम नव्हे.” आज मी या मुलांच्या वतीने बोलावयास उभा आहे. कलेचे शिक्षण घेण्याचा त्यांना हक्क आहे. तो हक्क पुष्कळदा गुणांअभावी जात नाही, कागदाअभावी जातो. म्हणून मी आज वकिलाच्या नात्याने प्रामुख्याने कागदांविषयी बोलणार आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. चित्र आणि शिल्प ही आपल्याला परकी वस्तू नव्हे. सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे. त्यावरील कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंतावर काम करणाऱ्या कारागिरांनी केले, असे तो सांगतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे नाव दगडात कोरलेले आहे. राजे आणि श्रेष्ठी यांच्या दानलेखांशेजारी कारागिराला स्वतःच्या नावाने उभे राहता येत होते, ही त्या धम्माची थोरवी होय. पुढे मुंबईत १८५७ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट स्थापन झाले. तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी आपले विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. म्हणजे या प्रांतातील आधुनिक चित्रशिक्षणाचे एक मोठे पान बौद्ध लेण्यांच्या भिंतीसमोर लिहिले गेले. परंतु ज्यांची वस्ती गावाबाहेर होती आणि ज्यांच्या मुलांना शाळेतही वर्गाबाहेर बसावे लागे, त्यांना त्या चित्रशाळेचा दरवाजा फार दूर होता. तो दरवाजा जवळ आणण्याचे काम राज्यघटनेने केले.

ते कसे, हेही थोडक्यात सांगतो, कारण या कथेचा आरंभच महाविद्यालयीन प्रवेशापासून आहे. मद्रास राज्यातील महाविद्यालयांत जागांची जातवार वाटणी होती. १९५१ साली चंपकम दोराइराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम आले आणि मागासवर्ग, अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्याला स्पष्टपणे मिळाला. त्या वेळी बाबासाहेब कायदेमंत्री होते. तेव्हा राखीव जागा ही कोणाच्या मेहेरबानीची भाकरी नव्हे. ती घटनेतील तरतूद आहे.

आता आपल्या घरातील खरा प्रश्न घेऊ. अर्जात दोन रकाने असतात : धर्म आणि जात. पहिल्यात आपण अभिमानाने ‘बौद्ध’ लिहितो. दुसऱ्यापाशी लेखणी अडखळते. तरुण मुले मला विचारतात, “वकीलसाहेब, आम्ही जात सोडली. मग ती पुन्हा आमच्या हाताने का लिहावी?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, तो स्वाभिमानाचा आहे. त्याला उत्तर दिल्यावाचून केवळ ‘नियम आहे’ असे सांगणे हे त्या मुलावर अन्याय करणे होय.

माझे उत्तर असे. प्रमाणपत्रातील जात हे तुमचे नाव नव्हे. तुमच्या आजा-पणजांवर शतकानुशतके जो अन्याय झाला, त्याची ती कायद्याच्या दप्तरातील नोंद होय. अपघातात जखमी झालेला माणूस नुकसानभरपाई मागताना जखमेचा दाखला जोडतो, म्हणून तो जखमेची पूजा करतो असे कोणी म्हणत नाही. आपण पंचशील घेतले आहे. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. पूर्वजांचा इतिहास खरा सांगणे म्हणजे जात मानणे नव्हे. जात मानली जाते ती लग्नात, पंक्तीत आणि शेजारात. तेथे ती पाळू नका, आणि कागदावर सत्य लिहिण्यास लाजू नका.

याच्या उलट चूकही आपल्यात आहे. सवलत जाईल या भीतीने कित्येक घरांत विहारात त्रिसरण म्हणतात आणि शाळेत मुलाचे नाव घालताना धर्म ‘हिंदू’ सांगतात. या भीतीला एके काळी कारण होते. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला होता. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला. परंतु त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांना केंद्राच्या यादीत स्थान मिळाले नाही. महाराष्ट्र शासनाने शिक्षणाच्या सवलती नवबौद्धांना आपल्यापुरत्या दिल्या, परंतु केंद्राचे दार बंद राहिले. ते उघडण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने हिंदू व शीख यांच्याबरोबर ‘बौद्ध’ हा शब्द आदेशात आला. चौतीस वर्षे आपल्या वडीलधाऱ्यांनी हा तोटा सोसला, पण धम्म सोडला नाही. आता ती अडचण उरली नसताना भीतीने ‘हिंदू’ लिहिणे हा त्यांच्या सोसण्याचा अवमान होय. अनुसूचित जातीतील कुटुंबाने आज दीक्षा घेतली, तरी त्याचा दर्जा कायम राहतो, हे निःशंक ध्यानात ठेवा. मात्र इतर मागासवर्गातील कोणी बौद्ध झाला तर तेवढ्याने तो अनुसूचित जातीत येत नाही. हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, म्हणजे कोणाची फसगत होणार नाही.

यावरून व्यवहाराचा पहिला नियम निघतो. ‘बौद्ध’ हा धर्म आहे, तो अनुसूचीतील जातीचे नाव नाही. म्हणून दाखल्यात धर्म बौद्ध आणि पूर्वजांची अनुसूचित जात, दोन्ही असावे लागतात. महाराष्ट्रातील प्रवेशासाठी राज्याच्या नमुन्यातील दाखला चालतो. येथे अनुसूचित जाती व त्यांतून बौद्ध झालेले यांना मिळून १३ टक्के जागा आहेत. परंतु अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था, निफ्ट किंवा आय.आय.टी. येथील अभिकल्पाचा अभ्यासक्रम या केंद्राच्या संस्था होत. तेथे १५ टक्के जागा असून दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. नुसते ‘नवबौद्ध’ लिहिलेला दाखला तेथे अडतो. दोन्ही नमुन्यांतील दाखले आधीच काढून ठेवा.

दुसरा नियम पडताळणीचा. २००० सालच्या महाराष्ट्र जात प्रमाणपत्र अधिनियमानुसार दाखला खरा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जिल्हा जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र मागितले जाते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंबाचे वास्तव्य महाराष्ट्रात होते, हे दाखवावे लागते. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४, कोतवाल बुकातील नोंद, जमिनीचे जुने उतारे हे आपले साक्षीदार. आजोबांच्या नोंदीत ‘महार’ आणि वडिलांच्या नोंदीत ‘बौद्ध’ असेल तर घाबरू नका. ती विसंगती नव्हे, तो धर्मांतराचा इतिहास आहे. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात तो सरळ नमूद करा. सख्खा भाऊ, बहीण, वडील, चुलते यांपैकी पितृकुळातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते आवर्जून जोडा. त्याला मोठे वजन असते. हा अर्ज निकालानंतर करू नका. मुलगी अकरावीत गेली की कामाला लागा. समितीचे काम महिनोन्‌महिने चालते आणि प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही.

जे पालक दुसऱ्या राज्यातून येथे आले, त्यांनी जाणून घ्यावे की अनुसूचित जातीचा दर्जा राज्यानुसार ठरतो. स्थलांतराबरोबर तो येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. आपला हक्क मूळ राज्यात तपासावा.

आता प्रवेशाची वाट सांगतो. कलापदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. तीत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र यांची प्रात्यक्षिके असतात आणि सामान्यज्ञानाचे प्रश्न असतात. केंद्रीय संस्थांच्या परीक्षा निराळ्या. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यामुळे तेथील माहितीपत्रक वेगळे पाहावे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय कलामहाविद्यालये आहेत. केवळ मुंबईकडे डोळे लावून बसू नका. शाळेत असतानाच मुलांना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसवा. हात तयार होतो, आणि दहावीत वाढीव गुणही मिळतात.

परीक्षेनंतर तीन पायऱ्या आहेत आणि त्या तीन निरनिराळ्या आहेत. जागा मिळणे ही पहिली. मूळ कागद दाखवून व शुल्क भरून प्रवेश निश्चित करणे ही दुसरी. विद्यापीठात नाव व विषय नोंदविले जाणे ही तिसरी. यादीत नाव आले म्हणून गावाकडे पेढे वाटीत बसलेल्याची जागा मुदत संपताच दुसऱ्यास जाते. पसंतीक्रम भरताना खरी आवड वर लिहा. ‘राखीव’ असे लिहिल्याने खुली जागा मिळत नाही, ही समजूत खोटी आहे. स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेस पात्र ठरलेला विद्यार्थी राखीव जागेत मोजला जात नाही, आणि त्याची जागा आपल्याच दुसऱ्या मुलाला राहते.

पहिले वर्ष हे पायाभूत वर्ष असते. रेखाटन, रंगयोजना, द्विमित व त्रिमित संकल्प, यथार्थदर्शन, अक्षरलेखन असे विषय सर्वांनी शिकावयाचे असतात. त्यानंतर चित्रकला, शिल्प, उपयोजित कला, वस्त्रकला अशी शाखा निवडावयाची. म्हणून पहिल्याच आठवड्यात ‘माझी शाखा कोणती’ म्हणून खिन्न होऊ नका. प्रत्येक विषयाचे नाव नोंदणीपत्रात आले की नाही ते मात्र तपासा, आणि पावतीची प्रत घरी जपून ठेवा.

राहिला पैशाचा प्रश्न. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून अधिक असल्यास राज्याच्या शुल्कमाफीची योजना पाहावी. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर करावयाचा असतो. वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शुल्काखेरीज रंग, कागद, फळे, माती यांचा खर्च वर्षभर चालू राहतो, आणि गरिबाचे मूल येथेच गळते. शिक्षकांना विचारून लागेल तेवढेच घ्यावे. वरच्या वर्गातील मुलांनी आपली उपकरणे धाकट्यांना द्यावीत. प्रत्येक विहाराने एक कपाट या कामाला द्यावे, अशी माझी सूचना आहे. वर्गणीतून आपण जयंतीची कमान उभारतो. त्यातला अल्पसा भाग त्या कमानीवर चित्र काढणाऱ्या मुलाच्या शिक्षणास दिला, तर बाबासाहेबांचे अधिक खरे स्मरण होईल.

बंधूंनो, आजवर आपले चित्र दुसऱ्यांनी काढले. आपला चेहरा, आपली वस्ती, आपले दुःख दुसऱ्यांच्या कुंचल्याने रंगले. ते आपल्या मुलांनी स्वतः काढावे, अशी वेळ आली आहे. त्यासाठी प्रतिभा त्यांनी आणावी, मेहनत त्यांनी करावी. कागद वेळेवर तयार ठेवणे एवढे तरी आपण आई-बापांनी करावे.

जय भीम!