लगाम सोडविणारे औषध



औषध म्हटले की ते रोगाला मारणार, अशी आपली जुनी समजूत. आज ज्या औषधांविषयी आम्ही बोलणार आहोत, ती कर्करोगाच्या पेशीला मारीत नाहीत. ती आपल्याच रक्तातील सैनिकांचा लगाम सोडवितात, एवढेच.

हे सैनिक म्हणजे टी-पेशी. परका दिसला की त्या तुटून पडतात. मात्र मोकाट सुटल्या तर घरच्यांवरही उलटतील. म्हणून निसर्गाने त्यांच्या अंगावरच आवर घालणाऱ्या कळा बसविल्या आहेत. कर्करोग मोठा लबाड! तो यांतील पीडी-१ ही कळ स्वतःच दाबून धरतो, आणि दाराशी आलेले सैनिक थिजून उभे राहतात.

ही कळ जपानात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडली. सीटीएलए-४ ही दुसरी कळ. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी तिच्यावर प्रतिपिंड बसवून ती झाकली, तेव्हा उंदरांच्या गाठी विरल्या. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. माणसासाठी असे पहिले औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत मंजूर व्हावयास २०११ उजाडले. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले.

लगाम सुटला की घोडा कोठेही जातो, हेही सांगितले पाहिजे. आतडी, फुप्फुसे, थायरॉइड यांवर आपल्याच पेशी चालून गेल्याची उदाहरणे डॉक्टरांना रोज भेटतात.

आणि किंमत? तिचा विषय टाळून या औषधांचे गुणगान करणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. तंबाखूने तोंड पोखरलेला आपला शेतमजूर ती कोठून देणार? परळच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी हाच प्रश्न हाती घेतला. निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम दिले. म्हणजे हिशेबाने अठरावा हिस्सा! डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण या चाचणीत होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले शंभरांत सुमारे सोळा. गोळ्यांना ही चिमूटभर जोड दिली तेव्हा त्रेचाळीस. हा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला.

उरलेल्या सत्तावन्नांना मात्र वर्ष गाठता आले नाही. लगाम सुटूनही त्यांचे सैनिक का उठले नाहीत, याचा शोध अजून चालू आहे.